चुलत भावासाठी पिस्तूल माझ्या नावावर घेतलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही टेक्सासमध्ये ग्रीन कार्डवर आहात, चुलत भाऊ एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, त्याच्या अपार्टमेंटमध्ये दोनदा चोरी झाली म्हणून त्याला पिस्तूल हवंय आणि तो म्हणतोय, दादा तुझं रेकॉर्ड क्लीन आहे, बॅकग्राउंड चेक लगेच पास होईल, तू घे आणि मला दे. 600 डॉलर त्याने तुमच्या खात्यात टाकलेत पण, आणि शनिवारी दुकानात जायचं ठरलंय.

जाऊ नका, प्लीज.

चेक पास होईल हे त्याचं म्हणणं खरंय, पण गोम तिथेच आहे. 1998 पासून चालू असलेली एफबीआयची ही बॅकग्राउंड चेकची सिस्टीम फॉर्मवर ज्याचं नाव त्याचंच रेकॉर्ड बघते, पैसे कुणाचे आणि पिस्तूल कुणाच्या घरी जाणार हे तिला कळत नाही. ते तुम्हालाच विचारतात, दुकानात भरायच्या 4473 नंबरच्या फॉर्मवर, प्रश्न 21-ए, की खरे खरेदीदार तुम्हीच का. तिथे 'येस' लिहून खाली सही केलीत की गुन्हा काउंटरवरच झाला, मग चेक पास होवो नाहीतर न होवो.

अब्राम्स्की नावाच्या एका माजी पोलिसाने व्हर्जिनियात काकासाठी ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलं होतं, काकाने 400 डॉलरचा चेक आधीच पाठवला होता आणि त्यावर 'ग्लॉक 19 हँडगन' असं लिहिलंही होतं. काकाला स्वतःला पिस्तूल घ्यायला काहीच आडकाठी नव्हती, तरी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने पुतण्याची शिक्षा कायम ठेवली. तुमच्या भावाला तर एच-वन-बीवर पिस्तूल बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे. 2022 च्या नव्या कायद्यात अशा दुसऱ्यासाठीच्या खरेदीला 15 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याहून मला काळजी वाटते ती तुमच्या ग्रीन कार्डची, कारण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर थेट डिपोर्टेशनची केस उभी राहते.

'गिफ्ट म्हणून दिलं तर?' असं तुम्ही विचारलंय. गिफ्ट स्वतःच्या पैशाने असतं, आणि ज्याला बंदी आहे त्याला गिफ्टही देता येत नाही.

एक वाट आहे. एच-वन-बीवाल्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर ही बंदी त्याला लागत नाही, मग तो स्वतःच्या नावाने फॉर्म भरून, ते लायसन्स दाखवून, स्वतःचा चेक करून घेऊ शकतो. तोपर्यंत शूटिंग रेंजवर भाड्याचं पिस्तूलसुद्धा हातात घ्यायचं नाही, आणि तुम्ही तुमच्यासाठी घेतलेलं त्याच्या घरी 'नुसतं ठेवायला' तर अजिबात नाही.

आज करायचं ते एवढंच: 600 डॉलर आलेत त्याच मार्गाने परत करा, मी घेणार नाही असं त्याला स्पष्ट लिहा, आणि आधीचे व्हॉट्सॲप मेसेज घाबरून डिलीट करू नका. अजून फॉर्म भरलेला नाहीये ही फार मोठी गोष्ट आहे.

भावाची भीती खोटी नाहीये, दोनदा घर फुटल्यावर कुणाला झोप लागेल. त्याला म्हणावं घरमालकाला आजच लेखी दे, टेक्सासमध्ये बाहेरच्या दाराला आतून लागणारा बिनकिल्लीचा बोल्ट आणि पीपहोल घरमालकानेच स्वतःच्या खर्चाने लावून द्यायचं असतं, त्याच्या दाराला ते आहे का ते आधी बघा.