तिलारीच्या पाण्यापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सिंधुदुर्गात रुजू होऊन नीट बस्तानही बसलं नाही, आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक या तीन राज्यांच्या वनखात्यांच्या समन्वय बैठकीचं टिपण तुझ्याकडे आलं. विषयपत्रिकेत पहिला विषय कोणता घ्यावा, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर तुला थोडं विचित्र वाटेल. पहिला विषय पाण्याचा घे. जंगल दुसऱ्या क्रमांकावर आलं तरी चालेल.

कारण सांगतो. तिलारी धरण हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प आहे. १९९० साली दोन्ही राज्यांचा करार झाला. खर्चाचा मोठा भार गोव्यानं उचलला आणि पाण्याचा मोठा वाटाही गोव्याकडेच जातो. बारदेश, पेडणे, डिचोलीकडचे नळ आणि शेतं तिलारीवर अवलंबून आहेत. धरण मात्र आपल्या दोडामार्ग तालुक्यात आहे. त्याच्या पाणलोटात राखीव वनाइतकीच महत्त्वाची आहेत ती लोकांच्या सातबाऱ्यावरची रानं, आणि रबर-अननसासाठी नेमकी तीच उतरवली जात आहेत. उतारावरचा ऐन-किंजळ गेला की पहिल्याच पावसात माती ओढ्यात येते. ओढ्यातून ती धरणात जाते आणि तिथंच साठत राहते. तळाशी गाळ चढत जातो, आणि डोंगरात मुरून पुढं एप्रिल-मेपर्यंत झिरपत राहणारं पाणी पावसाळ्यातच वाहून जातं. म्हणजे दोडामार्गात झाड पडलं की त्याची किंमत काही वर्षांनी म्हापशाच्या नळाला मोजावी लागते.

हे गणित गोव्याच्या जलसंपदा खात्यासमोर आजवर कुणी नीट मांडलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आपण दर बैठकीत वाघाच्या भ्रमणमार्गाचा नकाशा नेतो. समोरचे अधिकारी सौजन्यानं तो पाहतात, चहा होतो, ‘सकारात्मक चर्चा झाली’ असं इतिवृत्त निघतं. वाघाचा मार्ग महत्त्वाचाच आहे, त्याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण दुसऱ्या राज्याच्या सरकारनं आपल्या जंगलासाठी पैसा, माणसं आणि राजकीय भांडवल खर्च करावं असं वाटत असेल, तर त्या सरकारचं स्वतःचं काय पणाला लागलं आहे ते त्याला आधी दिसलं पाहिजे.

आता कायद्याची बाजू बघ, कारण बैठकीत कुणीतरी ‘हा केंद्राचा विषय आहे’ म्हणणारच. नदीच्या पाण्यावरून राज्यं भांडली तर राज्यघटनेत कलम २६२ आहे आणि १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा आहे. म्हादईचंच उदाहरण घे. २०१० साली लवाद बसला, २०१८ साली निवाडा आला, २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी प्राधिकरणही झालं. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिघेही त्यात पक्षकार होते. म्हादईच्या थेंबाथेंबाचा हिशोब मांडायला यंत्रणा उभी राहिली. ज्या रानातून ते पाणी येतं, त्या रानासाठी अशी कुठलीही यंत्रणा नाही.

क्षेत्रीय परिषदा आहेत, त्याही १९५६ पासून. पण सह्याद्रीच्या सहा राज्यांपैकी गुजरात, महाराष्ट्र, गोवा पश्चिम क्षेत्रीय परिषदेत येतात आणि कर्नाटक, केरळ, तमिळनाडू दक्षिण परिषदेत. दोडामार्ग आणि कर्नाटकातलं खानापूर एकमेकांना लागून, पण त्यांची सरकारं दोन वेगळ्या टेबलांवर बसतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुझी बैठक दिसायला लहान असली तरी तिचं महत्त्व का आहे, ते तुला कळावं म्हणून सांगतो. या डोंगराबद्दल तिन्ही राज्यांनी समोरासमोर बसून बोलायच्या जागा फार थोड्या आहेत.

एक जुनी गोष्ट लक्षात ठेव, ती तुझ्या पिढीला कुणी फारशी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तेव्हा जंगल आणि वन्यप्राणी हे पूर्णपणे राज्यांचे विषय होते. संसदेला परस्पर कायदा करता येत नव्हता. मग घटनेच्या कलम २५२ खाली ११ राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, आमच्यासाठी कायदा करा असं संसदेला सांगितलं, आणि तो कायदा झाला. म्हणजे ज्या कायद्यावर आज आपलं निम्मं काम चालतं, त्याचं मूळ राज्यांच्या संमतीत आहे. पुढं ४२ व्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत गेले, १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि प्रत्येक राज्य दिल्लीकडे बघायला शिकलं. दिल्लीच्या कायद्यानं वनजमिनी वाचवल्या, हे निर्विवाद. पण शेजारच्या राज्याशी थेट बोलायची सवय त्यात मोडली, असं माझं ठाम मत आहे.

ती सवय मोडल्याचा परिणाम पाहायचा असेल तर पश्चिम घाटातलं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा इतिहास नीट वाच. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटानं २०१३ मध्ये दुसरा दिला. २०१४ च्या मार्चमध्ये मसुदा निघाला, त्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होतं आणि त्यातलं १७,३४० आपल्या महाराष्ट्रातलं. मसुद्याची मुदत संपली, पुन्हा काढला. पुन्हा संपली, पुन्हा काढला. सहावा मसुदा २०२४ च्या ३१ जुलैला निघाला, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तोवर दहा वर्षं गेली होती.

सगळे दोष राजकारण्यांवर टाकून मोकळं होऊ नकोस. मसुदा काढायच्या पद्धतीतच खोट होती. गाव हे एकक धरलं. गावाच्या क्षेत्रापैकी २० टक्के किंवा जास्त नैसर्गिक भूभाग निघाला की अख्खं गाव यादीत. उपग्रहाच्या चित्रावरून हे ठरलं आणि गावाला ते वर्तमानपत्रातून कळलं. खरी बंदी होती ती खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषणकारी कारखाने आणि फार मोठी बांधकामं यांवर. पण गावात पोचलं ते ‘घराची कौलं बदलायलाही परवानगी लागणार’ एवढंच. त्यात केरळनं स्वतःची समिती नेमून आपलं क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९४ चौरस किलोमीटरवर आणलं आणि केंद्रानं ते मान्यही केलं. एकाला सवलत मिळाल्यावर बाकीच्यांनी का थांबावं? प्रत्येक राज्य दिल्लीत जाऊन आपापली गावं वगळून मागू लागलं. सहा राज्यांनी एकत्र बसून, कुणाचा किती तोटा होतो आणि तो कसा भरून काढायचा, हे कधी मांडलंच नाही.

तुझ्याच तालुक्यांचं बघ. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दोडामार्गातल्या वृक्षतोडीला बंदी घातली. २०२४ च्या मार्चमध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा चार महिन्यांत संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा असा आदेश दिला. पलीकडे गोव्यात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं २०२३ च्या जुलैत म्हादई परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायला सांगितलं आणि गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे हद्दीच्या दोन्ही बाजूंना न्यायालयं सरकारांना ढकलत आहेत. न्यायालयाचा आदेश हाताशी असणं चांगलंच, पण आदेशाच्या धाकानं आलेला अधिकारी बैठकीत फक्त स्वतःचा बचाव करतो, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून दुसरा विषय तोट्याचा घे. २०२० च्या जानेवारीत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. त्याआधी गुरं मारली गेली होती. मारणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण गोठ्यातली दुभती म्हैस गेल्यावर त्या घरात काय होतं, हे तू एकदा जाऊन बघ. पंचनामा कधी होतो, कोण करतं, किती कागद लागतात, पैसे किती महिन्यांनी येतात हे विचार. मग हेच प्रश्न चोर्ला घाटाच्या पलीकडे आणि खानापुरात विचार. तिन्ही राज्यांची उत्तरं वेगळी येतील. हत्तींचंही तेच. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून ते दोडामार्गात उतरले, तेव्हापासून माड, पोफळी आणि केळीच्या बागा त्यांच्या वाटेवर आहेत. बारा-पंधरा वर्षं वाढवलेला माड हत्ती एका धक्क्यात पाडतो, आणि भरपाई मोजणारा त्या झाडाचं पुढच्या चाळीस वर्षांचं उत्पन्न धरत नाही. हत्ती हद्दीपलीकडे गेला की आपण सुटलो, असं जोवर प्रत्येक खात्याला वाटतं, तोवर हाकारे चालू राहणार आणि बागायतदार मधल्यामध्ये भरडला जाणार. तिन्ही राज्यांनी भरपाईचा दर, पंचनाम्याची मुदत आणि अर्जाचा नमुना एक केला, तरी मी त्याला मोठं यश म्हणेन.

आगीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं लगेच काही करता येईल. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात जागोजागी आगी लागल्या. हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं बादल्या घेऊन आली होती. आग विझली, चौकशी झाली, पुढं विषय मागं पडला. आता आपल्याकडची जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवायची पट्टी, प्रत्यक्ष चालून बघ. फेब्रुवारीच्या मध्यात पायाखाली पानगळीचा जाड थर असतो. वनमजूर ती पट्टी झाडून, नियंत्रित जाळून मोकळी करतात आणि हद्दीच्या बुरुजापाशी, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या दगडी खुणेपाशी येऊन थांबतात, कारण त्यांचं अंदाजपत्रक तिथं संपतं. बुरुजाच्या पलीकडे तोच पाचोळा तसाच पडलेला असतो. पलीकडची जाळरेषा दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच आठवड्यात होते. हे जुळवायला मंत्र्याची सही लागत नाही. लगतच्या परिक्षेत्रांच्या तिन्ही वनक्षेत्रपालांनी जानेवारीत एक दिवस हद्दीवर एकत्र चालायचं, पट्ट्या ठरवायच्या, वनरक्षकांचे फोन नंबर एकमेकांना द्यायचे. आणि हे तोंडी ठेवू नकोस. प्रत्येक विभागाच्या दहा वर्षांच्या कार्य आयोजनेत त्याचा परिच्छेद घालून घे. अधिकारी बदलून जातात, कार्य आयोजना मात्र मंजूर झाली की नव्या माणसालाही बांधून ठेवते. तिन्हीकडच्या आयोजनांची मुदत कधी संपते, ते आजच काढून ठेव.

बाहेरचं उदाहरण मागितलंस, तर मध्य आफ्रिकेकडे बघ. कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो प्रजासत्ताक या तीन देशांची जंगलं सांगा नदीच्या खोऱ्यात एकमेकांना लागून आहेत. २००० साली त्यांनी याउंडे इथं सहकार्याचा करार केला, संयुक्त गस्त सुरू केली आणि २००७ साली तिघांसाठी मिळून एक न्यास निधी उभारला. २०१२ साली तो प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, ज्या वर्षी आपला पश्चिम घाट गेला त्याच वर्षी. तिथं शिकारीचा, लाकूडतोडीचा आणि यादवीचा त्रास आजही आहे, त्यामुळे डोळे दिपवून घेऊ नकोस. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं. त्यांनी गस्तीसाठी आणि पैशासाठी कायमची व्यवस्था केली. उलट आग्नेय आशियात शेतं-जंगलं जाळल्याच्या धुरावर २००२ साली करार झाला, आणि ज्या देशातून धूर येत होता त्या इंडोनेशियानं तो मान्य करायला २०१४ साल उजाडलं. ज्याच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा आहे तोच बाहेर राहिला तर कराराचा कागद कितीही सुबक असला तरी उपयोग नाही. तुझ्या बैठकीत तो पक्ष कोणता, याचा विचार कर. माझ्या मते तो आपणच आहोत. खासगी रानांची तोड आपल्या हद्दीत चालू आहे.

हे बैठकीत आपणहून मांड. वरिष्ठांना आधी विश्वासात घे, त्यांच्या मागून काही करू नकोस. महाराष्ट्राच्या हद्दीत गेल्या काही वर्षांत किती परवाने दिले, किती गुन्हे दाखल झाले, किती क्षेत्राची तोड झाली, हे आकडे आपणच टेबलावर ठेवले तर समोरच्याला बोट दाखवायला जागा उरत नाही, आणि मग तोही आपले आकडे काढतो. आणि शेतकऱ्याला रान राखण्याबद्दल काय मिळणार, हा प्रश्न तिथंच विचार. तिलारीचं पाणी घेणाऱ्यानं त्या पाण्याच्या उगमाशी रान राखणाऱ्याला दरवर्षी काही द्यावं, हा प्रस्ताव मला न्याय्य वाटतो. गोवा लगेच हो म्हणणार नाही. तरी इतिवृत्तात तो नोंदला गेला पाहिजे.

सीमाप्रश्न निघेल. बेळगावचा निघेल, म्हादईच्या पाण्याचा निघेल. अशा वेळी वाद घालू नकोस, गप्पही बसू नकोस. ‘तो विषय आपल्या अखत्यारीत नाही, आपल्या अखत्यारीत जाळरेषा आहे’ असं शांतपणे म्हण आणि पुढच्या मुद्द्यावर ये. बैठकीच्या आधी खानापूरच्या आणि सत्तरीच्या वनक्षेत्रपालांना स्वतः फोन कर. पत्रव्यवहार वरून जाऊ दे, पण ओळख तू करून घे. शक्य झालं तर बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता तिलारीच्या विश्रामगृहावर ठेव, आणि सकाळी सगळ्यांना गाडीनं त्या उघड्या पडलेल्या उतारांवर घेऊन जा.

टिपणाचा पहिला खर्डा झाला की मला पाठव. पाणलोटाचा नकाशा जोडायला विसरू नकोस, आणि त्यावर खासगी रानांचे गट नंबर दिसू देत. गाळाच्या मोजणीची जुनी आकडेवारी धरणाच्या उपविभागात मागून बघ. मिळाली नाही तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.

तुझा,
काका