मुंबईत नवीन आहेस ना, मग घर बघताना आधी लोकल बघ

हे बघ मित्रा, भाडं स्वस्त दिसलं म्हणून लगेच टोकन देऊ नको. ब्रोकर म्हणतो 'स्टेशनपासून 10 मिनिटं', ती त्याच्या बाईकवरची असतात, तू एकदा सकाळी आठला स्वतः चालत जाऊन बघ आणि तशीच लोकल पकडून ऑफिसला जाऊन बघ, रविवारी रिकाम्या गाडीत बसून काही कळत नाही. कल्याणच्या पुढे दोन फाटे होतात, टिटवाळा-कसारा एकीकडे आणि अंबरनाथ-बदलापूर-कर्जत दुसरीकडे, तिकडे गाड्या कमी, एक चुकली की बस वाट बघत. डोंबिवलीतून सुटणाऱ्या लोकल आहेत, बसायला मिळायची आशा तरी असते (आशाच म्हणतोय हां). आणि वेस्टर्न लाइनवर विरार फास्टमध्ये (म्हणजे बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत जाणारी फास्ट लोकल) चढून बोरिवलीला उतरायचा प्लॅन करू नको, दारातले लोक उतरू देत नाहीत, माझी बॅग एकदा आत आणि मी अर्धा बाहेर असं झालंय. बॅग कायम पुढे लटकव.

पास तीन महिन्यांचा काढ, स्वस्त पडतो. अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करूनच घे, महाराष्ट्रात ते कंपल्सरी आहे, मालक 'कशाला उगाच खर्च' म्हणाला तरी ऐकू नको.