मुलगा घरी बडबडतो, बाहेर तोंड उघडत नाही. व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घालावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, पाहुणे आले की आत पळतो, शाळेत दोस्त नाही, म्हणून सुट्टीत शिबिरात घालायचा विचार आहे. कोल्हापुरात प्राथमिकच्या वर्गांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्या जोरावर सांगतो : शिबिर आत्ता नको. पहिल्याच दिवशी माईक हातात देऊन ‘ओळख करून दे’ म्हणतात. बोलायचीच धास्ती असलेलं पोर तिथं आणखी मिटतं.

त्याला काम द्या. हातात काम असलं की लोक कामाकडं बघतात, पोराकडं नाही. आमच्या तालमीच्या गणपतीत अशाच एका अबोल मुलीकडं आरतीनंतर खिरापतीचं ताट दिलं. सुरुवातीला नुसतं ताट पुढं करायची, नजर खाली. एका आजोबांनी मुद्दाम परत हात पसरला, तशी फटकन म्हणाली, “तुम्ही घेतलाय की मगाशी!”

कपिलतीर्थ मंडईत भाजीला जाताना त्याला बरोबर न्या, आणि दर वेळी त्याच मावशीकडं जा. आधी त्यानं फक्त पैसे द्यायचे. ते अंगवळणी पडलं की ‘कोथिंबीर केवढ्याला?’ एवढंच विचारायचं. मग तुम्ही दोन पावलं मागं थांबायचं. एक पायरी जमल्याशिवाय पुढची नको. मावशीनं काही विचारलं आणि तो गप्प राहिला, तर मनात पाचपर्यंत मोजा. आपण घाईनं त्याच्या वतीनं उत्तर देतो, त्याची तेवढ्यापुरती सुटका होते, आणि पुढच्या वेळी तो आपल्याच तोंडाकडं बघतो.

पाहुण्यांचा बंदोबस्त मात्र तुम्हालाच करावा लागेल. “बोल की रं, पोरगी हाईस काय लाजायला?” हे आपल्याकडं मायेनंच म्हणतात, पण पोराला ते लागतं. आणि त्याच्यादेखत ‘आमचा जरा लाजाळूच आहे’ हे तुम्हीही म्हणू नका.

काही मुलं मुळातच उशिरा रुळतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली. तेव्हा दहा दोस्तांचा हट्ट सोडा. वर्गातलं एकच पोर रविवारी घरी बोलवा, कॅरम मांडून द्या, दिवाळीत दोघांना किल्ल्याची माती कालवू द्या. वाढदिवसाला जायचं तर गर्दी व्हायच्या आधी पोचा. फुटबॉलचं म्हणाल, तर इथं पोरगं चालायला लागलं की घरचे त्याची पेठेची टीम ठरवून मोकळे होतात. त्याला स्वतःला मैदानाची ओढ असेल तरच पाठवा.

शाळेत महिन्याहून जास्त काळ तो अजिबातच बोलत नसेल, तर तो हट्टीपणा समजू नका. सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतं, म्हणजे घरी बोलणारं पोर धास्तीमुळं ठराविक ठिकाणी बोलूच शकत नाही, आणि त्यावर उपचार आहेत. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलून घ्या. बाईंना भेटून एवढं सांगा की सध्या त्याला उभं करून धडा वाचायला लावू नका. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ बोलवून पाढे ऐका, जमलं तर त्या एका दोस्तालाही शेजारी उभं करा.