खुनाच्या बातमीत किती वार, कुठे वार हे सगळं छापायची खरंच गरज असते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सकाळी पेपर उघडला की कोयत्याचे वार मोजूनच दिलेले असतात, शाळेत जाणारा मुलगा ते मोठ्यानं वाचतो, आणि तुम्ही त्यावर काही बोललात की सासरे म्हणतात, "जे घडलं ते छापलं. सत्य लपवायचं का?"

बहुतेक बातम्यांत ती गरज नसते. पण सासऱ्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. तालुक्यांतून आलेल्या बातम्या नीट करायच्या आणि पानात बसवायच्या, हे रात्रीचं काम. त्यातल्या निम्म्या गुन्ह्यांच्या.

खप वाढावा म्हणून संपादक मुद्दाम रक्त शिंपडतो असा सर्वसाधारण समज आहे. तसं कुठे होत नाही असं मी म्हणणार नाही. पण रोजच्या बातमीतलं कारण त्याहून साधं आहे: रक्त फुकट मिळतं.

खून झाला की पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात आणि मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा करतात. या दुसऱ्या पंचनाम्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 आहे. प्रेत कसं पडलंय, अंगावर कपडे कोणते, जखम कुठे, केवढी, कशानं झाल्यासारखी वाटते, हे सगळं त्यात लिहायचं असतं आणि ते तिथे हवंच. पुढे कोर्टात डॉक्टरांचा अहवाल, जप्त केलेलं हत्यार आणि जखमा यांचा मेळ बसला नाही तर आरोपी सुटतो. थोडक्यात, तो कागद न्यायाधीशासाठी आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास त्यातलंच काहीबाही, बरेचदा ठाणे अंमलदारानं फोनवर सांगितलेलं, आमच्या वार्ताहराच्या कानावर पडतं. पान तासाभरात सोडायचं असतं. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन म्हणाल तर चहापाण्यापुरतं. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर नाहीतर शेतीवर. मेलेल्या बाईनं दोन महिन्यांपूर्वी त्याच ठाण्यात तक्रार दिली होती का, आणि ती नुसती एनसी (अदखलपात्र गुन्हा) म्हणून नोंदवून तिला घरी पाठवलं का, हे शोधायला दोन दिवस जातात. शिवाय ज्या ठाण्यातून रोज बातमी मिळते त्याच्याशीच वाकडं घ्यावं लागतं. वार मोजायला यातलं काहीच लागत नाही. म्हणून बातमीत वार आठ असतात आणि तक्रारीचा पत्ता नसतो.

2022 च्या नोव्हेंबरातलं दिल्लीचं प्रकरण आठवा. मुलगी वसईची, खून दिल्लीत, आरोपी तिच्याबरोबर राहणारा तरुण. आठवडेच्या आठवडे आपण काय ऐकलं? फ्रिज आणि तुकड्यांचा आकडा. आकडा सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. आता त्यातली दुसरी गोष्ट किती जणांना आठवते ते बघा: याच मुलीनं 2020 च्या नोव्हेंबरात नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांना लेखी कळवलं होतं की हा मला मारहाण करतो, मारून तुकडे करायची धमकी देतो. ती तक्रार पुढे मागे घेतली गेली. हे पत्र बाहेर आलं ते आरोपीच्या अटकेनंतर दहा-बारा दिवसांनी. माझ्या लेखी त्या प्रकरणातली सगळ्यात मोठी बातमी तीच. अशी तक्रार मागे घ्यायला बाई येते तेव्हा पोलिसांनी काय करायचं असतं, हा प्रश्न वसईपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक ठाण्याला लागू आहे. पण पत्राची बातमी एक-दोन दिवस चालली आणि पुन्हा फ्रिज सुरू झाला. शेवटी 2023 च्या एप्रिलमध्ये आरोपपत्रातला मजकूर वृत्तवाहिन्यांनी दाखवू नये असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

डेस्कवर कॉपी कशी यायची ते दाखवतो. तपशील बदललेत, साचा तोच:

"चारित्र्याच्या संशयावरून पतीने पत्नीच्या डोक्यावर, मानेवर व हातावर कोयत्याने सपासप वार करून तिची निर्घृण हत्या केल्याची थरारक घटना सोमवारी रात्री घडली. वार एवढे भीषण होते की विवाहिता जागीच रक्ताच्या थारोळ्यात कोसळली. यावेळी तिची दोन चिमुकली मुले टाहो फोडत होती."

यात सगळ्यात घातक तपशील कोणता? माझ्या मते पहिलेच दोन शब्द, आणि त्यांत रक्ताचा थेंबही नाही. संशय होता हे कोण सांगतं? आरोपी. तो कोठडीत बसून कारण सांगतो, पोलीस ते लिहून घेतात, आम्ही ते पहिल्या ओळीत लावतो. जिच्याबद्दल बोललं जातंय ती उत्तर द्यायला नाही. गावात मात्र दुसऱ्या दिवसापासून "काहीतरी असेल बुवा" सुरू. जखमांच्या वर्णनानं वाचकाचा घास अडकतो, या दोन शब्दांनी त्या मुलांचं पुढचं आयुष्य अडकतं. मी ते आधी काढायचो. ठेवायचंच झालं तर शेवटच्या परिच्छेदात, "आरोपीने पोलिसांना सांगितले" असं लावून.

कोयता ठेवायचो. कशानं मारलं हे वाचकाला कळायला हवं. अवयवांची यादी जायची, थारोळं जायचं, मुलांचा टाहो जायचा. त्या जागी मुलं आता कोणाकडे आहेत हे विचारायला लावायचो. वार्ताहर वैतागायचे. "साहेब, मग बातमीत राहिलं काय?" आणि ते खरं असायचं: एवढं काढल्यावर पाच ओळी उरायच्या, कारण त्यापलीकडचं कोणी विचारलेलंच नसायचं.

आता सासऱ्यांच्या बाजूनं.

कधीकधी जखम हीच बातमी असते. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांनी मारहाण केलेली नाही, असं सरकारतर्फे विधानसभेत सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मृत्यूचं कारण होतं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. इथे कोणी "घरात लहान मुलं पेपर वाचतात" म्हणून जखमांचा उल्लेख गाळला असता तर तो सरळसरळ खोट्याला हातभार ठरला असता. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. कोठडीतला मृत्यू असो, चकमक असो, गटारात उतरलेला सफाई कामगार असो, जिथे अधिकारी एक कारण सांगतात आणि शरीर दुसरं सांगतं, तिथे एकही जखम गाळू नये.

खैरलांजीचं उदाहरण याहून जुनं. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. बातमी आधी छोटी आली, तीही अनैतिक संबंधांच्या चष्म्यातून रंगवलेली. कार्यकर्त्यांनी मृतदेहांचे फोटो हातोहात फिरवले, महिनाभरानं राज्यभर मोर्चे निघाले आणि मग मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली. ते फोटो बघवत नाहीत. पण ते फिरले नसते तर काय झालं असतं, याचं उत्तर सुरुवातीच्या त्या चार ओळींच्या बातम्यांतच आहे.

मस्साजोगचं तर ताजंच आहे. सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण आणि खून 9 डिसेंबर 2024 चा. किती क्रूरपणे मारलं हे त्याच महिन्यात छापून आलं होतं, सभागृहात बोललं गेलं होतं. तरी मंत्री धनंजय मुंडे, ज्यांच्या निकटवर्तीयाला या प्रकरणात आरोपी केलं होतं, पदावर होते. 3 मार्च 2025 च्या संध्याकाळी तपासातले फोटो माध्यमांत आले आणि 4 मार्चला त्यांचा राजीनामा. त्यांनी स्वतः प्रकृतीचं कारणही दिलं, पण तारखा तुमच्यासमोर आहेत. तीन महिने शब्दांनी जे झालं नाही ते फोटोंनी एका रात्रीत केलं, हे कबूल करावंच लागतं.

मग दाखवायचे का नाहीत? माझं मत असं की ते फोटो आहेत, ते असे आहेत, त्यात कोण काय करताना दिसतं, हे सांगणं आवश्यक होतं. एखादा फोटो चेहरा झाकून छापणंही मी समजू शकतो. त्याच फोटोंना पार्श्वसंगीत लावून, लाल गोल काढून, रात्रभर फिरवत ठेवणं मात्र मला पटलेलं नाही. राजीनाम्यासाठी पहिल्यांदा दाखवणं पुरलं असेल. चाळिसाव्यांदा दाखवलं ते कशासाठी? मस्साजोगमध्येही तेच चॅनेल लागतात.

अमेरिकेत 1955 मध्ये एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मिसिसिपीत हालहाल करून मारलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि छिन्न झालेल्या चेहऱ्याचा फोटो 'जेट' मासिकात छापून आला. नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात तो फोटो आजही दाखवला जातो. जगानं बघावं हा निर्णय आईचा होता. आपल्याकडे घरच्यांना कोणी विचारतं का? माझ्या अनुभवात विचारतात, पण फक्त काही घरांना. डॉक्टरसाहेबांच्या किंवा संस्थाचालकांच्या घरी असं काही घडलं की "घरच्यांची विनंती आहे" असा फोन संपादकांना येतो आणि बातमी दोन ओळींची होते. ऊसतोड मजुराच्या पालावर घडलं की तसा फोन येत नाही. तिथला फोटो मात्र येतो.

नियम काय सांगतात ते थोडक्यात. बलात्कारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, आणि ती मरण पावली असली तरी नाव छापता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं. (तरी 2024 मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरचं नाव आणि फोटो सगळीकडे फिरले. त्यात पत्रकारांपेक्षा आपणच सगळे पुढे होतो.) टीव्हीसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयानं 9 जानेवारी 2023 ला रक्त, मृतदेह, मारहाण यांची दृश्यं न झाकता दाखवण्याविरुद्ध सूचना काढली होती. छापील माध्यमांसाठी प्रेस कौन्सिलचे निकष आहेत, पण 1978 च्या कायद्यानं कौन्सिलच्या हातात ताकीद आणि निषेध यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मला "पण" ठेवायचा नाही: आत्महत्या. तिथे पद्धतीचं वर्णन, जागेचा फोटो, चिठ्ठीतला मजकूर यांनी दुसऱ्या कोणाचा जीव जाऊ शकतो, हे बऱ्यापैकी सिद्ध झालेलं आहे. व्हिएन्नात 1987 मध्ये वृत्तपत्रांनी मेट्रोतल्या आत्महत्यांची भडक वर्णनं थांबवली आणि त्या घटना झपाट्यानं कमी झाल्या. प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, आणि सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतरच्या गदारोळावर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये त्या टीव्हीलाही पाळायला सांगितल्या.

मुलाचं म्हणाल तर पेपर लपवू नका, तो मोबाइलवर बघेल. तुमच्या पेपरला मात्र जरूर लिहा. आधी संपादकांकडेच लिहावं लागतं; समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे, आणि दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. चॅनेल असेल तर आधी चॅनेलकडे, मग ते वृत्तवाहिन्यांच्या संघटनेचं सदस्य असल्यास तिच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे. "अशा बातम्या वाचवत नाहीत" एवढंच लिहिलंत तर पत्र बाजूला पडेल, अशी पत्रं ढिगानं येतात. तारीख आणि पान द्या, ते वाक्य उतरवून घ्या आणि खाली विचारा: या बाईनं आधी पोलिसांकडे तक्रार दिली होती का? तुमच्या वार्ताहरानं विचारलं का? हे पत्र डेस्कवर वाचलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी वार्ताहराला फोनही जातो.