सत्काराची यादी आणि काळी ट्रंक

चि.,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू वही घेऊन आलास आणि 26 जानेवारीला करायच्या फौजींच्या सत्काराचा बेत वाचून दाखवलास. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, लाउडस्पीकर आणि सत्कारमूर्ती म्हणून चार नावं. त्यातलं एक आमच्या ह्यांचं. मी चहा टाकायच्या निमित्ताने उठले आणि विषय तिथेच सोडला, ते तुझ्या लक्षात आलं असणार. एवढ्या हौसेने आलेल्या मुलाला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून हे पत्र. वाच आणि मग वहीत काय ठेवायचं, काय खोडायचं ते तुझं तू ठरव.

आमच्या कपाटात अकरा शाली आहेत. थंडीत अंगावर घ्यावी अशी त्यात एकही नाही. मानचिन्हं माळ्यावर आहेत. देणाऱ्यांचं मन खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ह्यांच्या फौजेतल्या नोकरीची चोवीस वर्षं मी ज्यांच्या जिवावर काढली, त्यांच्यापैकी एकानेही मला कधी शाल दिली नव्हती.

एकीचं सांगते. 1999 साली, कारगिलच्या लढाईच्या वेळी, आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. हे वर होते. वर म्हणजे नक्की कुठे, ते मला माहीत नव्हतं. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत 56 एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, एवढंच. गावाचं नावच नाही. ती टपाल दिल्लीला जाते आणि तिथून फौजेचं डाकखातं ती जिथे पलटण असेल तिथे पोचवतं. पूर्वेकडे असले की 99 एपीओ, ती कलकत्त्याहून. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत छपन्न हे गावाचंच नाव समजत होत्या.

घरी फोन नव्हता. समोरच्या बिऱ्हाडाचा नंबर आम्ही पीपी म्हणून दिला होता. त्या जून-जुलैत रात्री दहा-साडेदहाला कधी फोन यायचा. त्या काकू कडी वाजवायच्या, मला आत घ्यायच्या, रिसीव्हर हातात द्यायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायच्या. घुर्र घुर्र चालूच. मला वाटायचं, ह्या बाईला रात्रीच बरी चटणी वाटायची सुचते. एकदा पाणी प्यायला आत डोकावले, तर भांडं रिकामं. माझं बोलणं आपल्या कानावर पडू नये आणि मला मोकळेपणी रडता यावं, म्हणून ती बाई रिकामा मिक्सर फिरवत उभी होती. नंतर ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. 'तुमचे मिस्टर देशासाठी' वगैरे एक अक्षर त्या कधी बोलल्या नाहीत.

तुला अडचण कुठली ते कळावं म्हणून गावाचंही सांगते. आमचं गाव साताऱ्याकडे, 'अपशिंगे मिलिटरी' गावाच्या पंचक्रोशीत. तिकडे घरटी एक फौजी. कोण रजेवर आलंय, कुणाची बदली अवघड जागी झालीय, कुणाच्या घरी मनिऑर्डर आली नाही, सगळ्या आळीला पाठ. बाईला बोलून दाखवावं लागत नाही. इथे ठाण्यात चौदाव्या मजल्यावर दार बंद झालं की संपलं. कोलशेतच्या हवाई दलाच्या तळाच्या भिंतीशेजारून तू रोज जातोस, पण आपल्याच सोसायटीत सी विंगमध्ये फौजेतला एक नायक राहतो हे रविवारी मला तुला आठवून द्यावं लागलं. त्यात तुझा दोष नाही, शहराची रीतच तशी. म्हणून इथे आधी माहीत करून घ्यावं लागतं, तेही गाजावाजा न करता.

आता कामाचं बोलते.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता फौजेची पेन्शन स्पर्श नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेली आहे, आणि सत्तरी-ऐंशीच्या बाईला तो पासवर्ड म्हणजे डोंगर. आपल्या मागच्या गल्लीत एक आजी आहेत, नवरा 1971 च्या लढाईतला, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या. अंगठ्याचं मशीन चार वेळा नाही म्हणालं. काउंटरवरच्या माणसाने 'उद्या या' सांगितलं, त्या तीन उद्या गेल्या. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं, फोनवर जीवन प्रमाणचं ॲप उघडलं आणि चेहऱ्याने दाखला काढला. फोन म्हणतो डोळे मिचकावा. आजी लाजून म्हणाल्या, 'ह्या वयात कुणाला गं डोळे मारू?' दोन मिनिटांत काम झालं. त्या मुलीचं नाव तुझ्या वहीत नाही. तिला सत्कार नको, पण पुढच्या नोव्हेंबरात तू तिच्या जोडीला बस. आपल्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मिळून अशी सात-आठ घरं मला माहीत आहेत.

दुसरं, नावांचं. हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. लग्नात तांदळात नवं नाव लिहितात, म्हणून बायकोचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. नवऱ्याच्या पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते, तिच्यात बायकोमुलांची नोंद असते, आणि ती नोंद ज्या नावाने झाली तेच रेकॉर्ड ऑफिसला खरं. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं हे ऑफिस बेळगावला. नवरा असेपर्यंत कुणी बघत नाही. तो गेल्यावर एका वेलांटीपायी फॅमिली पेन्शन महिनोन्महिने अडकते आणि ती बाई प्रतिज्ञापत्रांमागे फिरते. माझ्याच नोंदीत एक अक्षर चुकलं होतं. ह्यांनी ते 2006 साली, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी दुरुस्त करून घेतलं, तेही माझ्या कटकटीमुळे. तू वकिली शिकतोयस ना? मग भाषण राहू दे, फौजी घरातली माणसं जमली की सगळ्यांची कागदं एका टेबलावर मांडून नावं जुळतात का एवढं बघ. जुळत नसतील तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. हे कार्यालय ह्याच लोकांसाठी आहे, पण अर्ध्या बायकांना ते आहे हेच माहीत नसतं.

वकिलीवरून आठवलं. जवानाची वर्षाची साठ दिवसांची रजा बऱ्याचदा गावच्या बांधाच्या भांडणात जाते. भाऊबंद नेमके तो सीमेवर असताना दावा लावतात. त्यावर 1925 चा एक कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांचा. जवान युद्धजन्य किंवा तशा खास परिस्थितीत तैनात असेल आणि कोर्टात त्याच्या बाजूने कुणीच उभं नसेल, तर त्याच्या माघारी खटला उरकून टाकता येत नाही, तहकूब करता येतो. पुस्तकात शोध, मग सी विंगमधल्याला समजावून सांग. त्याचा काका सध्या हेच करतोय.

नेव्हीवाल्यांचं वेगळं. तुझी मावशी नेरूळला राहते ना, तिकडे 'नेव्हीत आहे' म्हटलं की लोक मर्चंट नेव्ही समजतात आणि पगार विचारतात. करावेला मर्चंट नेव्हीचं प्रशिक्षण देणारं चाणक्य आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. खरी नौदलाची कुटुंबं उरणला करंज्याला आहेत, खारघरच्या जलवायू विहारात आहेत, काही भाड्याच्या घरांत. बरीचशी आंध्र, बिहार, केरळची. मूल विशाखापट्टणमहून येतं, पाचवीत बसतं आणि पहिल्यांदाच मराठी बघतं, आणि आता मराठी सगळ्या शाळांत सक्तीची. बाप बोटीवर, आईला मराठी येत नाही. अशा एका पोराला शनिवारी तासभर बाराखडी आणि दोन धडे शिकवणं, हे मी कुठल्याही मिरवणुकीच्या वर धरते. तुझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे, तिला माझा निरोप दे.

तळोज्याला सीआरपीएफ आहे. त्यांनाही लोक मिलिटरीच म्हणतात. पण ते गृहखात्याकडे येतात, म्हणून सैनिक कल्याणच्या सवलती त्यांच्या घरच्यांना आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्या जवानांच्या कुटुंबांसाठी 2017 पासून 'भारत के वीर' निधी आहे. फौजेसाठी ध्वजदिन निधी, दरवर्षी 7 डिसेंबरला, 1949 पासून. पैसे द्यायचे असतील तर ह्याच सरकारी खात्यांत द्या. काही घडलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर जो क्यूआर कोड फिरतो, त्यावर एक रुपयाही टाकू नका.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर हेही. 'मी आर्मीत आहे, ठाण्यात बदली झालीय, फ्लॅट न बघताच घेतो, डिपॉझिटसाठी हा कोड स्कॅन करा' असले फोन तुम्हालाही येत असतील. ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवतात. पैसे घ्यायला कधी कोड स्कॅन करावा लागत नाही, हे सगळ्यांना सांग. ह्या भामट्यांमुळे खऱ्या जवानाला घर मिळेनासं झालंय. आपल्या कमिटीत कुणी 'आर्मीवाला नको बाबा' म्हणालं, तर गप्प बसू नकोस. माणसाला समोर बोलव, कागद बघ आणि घर दे.

आता काय करू नये ते. 2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत आपल्या ग्रुपवर काय काय आलं ते आठव. 'इतके जवान गेले', 'अमुक ठिकाणी हल्ला', सगळं कुणाचं तरी फॉरवर्ड. सी विंगमधली ती पोरगी, त्या नायकाची बायको, त्याच ग्रुपवर होती. नवरा रजेवरून मध्येच परत बोलावलेला. आणि एकाने तर त्याचा वर्दीतला फोटो, गाडीचं नाव आणि वेळ टाकून 'आमचा वाघ निघाला' लिहिलं होतं. ती ग्रुपमधून बाहेर पडली, तर मागे बोलणं झालं की बाईला फार घमेंड आहे. फौजेच्या हालचाली कुठे टाकायच्या नाहीत, एवढं तुझ्या पिढीला मी सांगायला नको. पण फॉरवर्ड करणारे बहुतेक माझ्या वयाचे आहेत, त्यांना तू सांग.

'किती मारले?' विचारू नये. 'भीती नाही वाटत?' हेही नको. आणि कॅन्टीन, म्हणजे फौजेचं स्वस्त दुकान! नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला ट्रॉली बॅग, मिक्सर आणि रम. ह्यांच्या निवृत्तीनंतर बारशापासून हळदीपर्यंत आम्हाला जी आमंत्रणं आली, त्यातली निम्मी बाटलीसाठी होती असं माझं ठाम मत आहे. हे म्हणतात, मी उगाच संशयी आहे.

पस्तीस-चाळिशीत फौजेतून बाहेर पडलेला माणूस पुढे काय करतो, ते आपल्या गेटवर बघ. मेस्कोकडून, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडून, येणारे गार्ड माजी सैनिकच असतात. आपल्या रात्रपाळीवाल्याने सियाचीनला हिवाळा काढलाय आणि त्याच्या केबिनमधला पंखा मार्चपासून बंद आहे. पंखा बसवायला सर्वसाधारण सभा लागत नाही. आणि 2023 च्या जानेवारीत जी लष्करातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं 2027 च्या सुरुवातीला भरतात. चारातला एक आत राहणार, तीन घरी, सेवानिधीचे अकरा लाख एकाहत्तर हजार घेऊन, पेन्शनशिवाय. ती मुलं तुझ्या वयाची असतील. पैशांच्या मागे स्कीमवाले लागतील, त्याआधी तुम्ही मित्र म्हणून पोचा. अर्ज, बायोडेटा, मुलाखतीची तयारी, हे तुम्हाला जमतं, आम्हाला नाही.

जवानांना फराळ पाठवायचा तुमचा बेत चांगला आहे. फक्त चकली नको, तिचा चुरा होतो. शंकरपाळे आणि लाडू टिकतात. दिवाळीच्या महिनाभर आधी पाठवा, आणि सोबत लहान मुलांच्या हाताने लिहिलेली पत्रं, मोठ्यांनी न सुधारलेली. ह्यांना एकदा कुठल्याशा शाळेतल्या मुलाचं पत्र मिळालं होतं: 'काका, तिकडे मच्छर आहेत का? आमच्याकडे खूप आहेत.' बर्फात बसून अख्खी तुकडी हसली म्हणे. ह्यांनी इनलँडवर उत्तर लिहिलं, मच्छर नाहीत, तुझे थोडे पाठव. अकरा शालींच्या खाली ते पत्र अजून आहे.

26 जानेवारीला झेंडावंदन जरूर करा. खुर्च्या मांडा, पोहे करा. ज्या आईचा मुलगा गेलाय तिला आधी घरी जाऊन विचारा, आणि ती आली तरी माइक तिच्या हातात देऊ नका. तिने ती गोष्ट दर वर्षी नव्याने का सांगायची? त्यापेक्षा तो गेला ती तारीख लिहून ठेव आणि त्या संध्याकाळी एकटाच जाऊन बस. पाचव्या-सहाव्या वर्षी कुणीच येत नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे उचलायला मुलं लाव.

यादीतून ह्यांचं नाव काढ. ते रागावणार नाहीत, मी बोलले आहे त्यांच्याशी.

आणि एक लगेचचं काम आहे. सी विंगमधल्याची बदली झालीय, येत्या शुक्रवारी रात्री कल्याणहून पंजाब मेल आहे त्याची. लिफ्ट बंद आहे आणि काळी ट्रंक भरलेली आहे. तुझ्या बाबांची गाडी माग. तो गेल्यावर बायको आणि लहानगी कल्याणहून रात्री परत येणार, त्यांना एकटं रिक्षाने येऊ देऊ नकोस. ती बोलली तर बोल, नाहीतर गाडी चालव. सहाला वर जा आणि तुझ्या त्या दांडग्या मित्राला सोबत ने, ट्रंकेला दोन्ही बाजूंना कड्या असतात.

तुझी,
काकू