वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठची इमारत, तापलेली गच्ची आणि लोणा

प्रश्न : सिद्धेश्वर तलावाजवळ आमची पन्नासेक वर्षांची दुमजली इमारत आहे. खाली चादरी-टॉवेलची दुकाने, वर कार्यालये. उन्हाळ्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो आणि खालच्या भिंतींना लोणा लागलाय. ठेकेदार म्हणतो, आतून थर्माकोलचे पॅनेल ठोकू आणि नवे एसी बसवू. हे ऊर्जाबचतीच्या नियमांत बसेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पॅनेल आत्ता अजिबात नकोत. ओल्या भिंतीवर ते लावले की पाणी आतच कोंडते, क्षार साठतात आणि पॅनेलमागे बुरशी धरते. दुकानात कापडाचे गठ्ठे आहेत, म्हणजे नुकसान दुहेरी.

आधी बाहेर जाऊन जोत्याकडे पाहा. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की जोते जमिनीखाली जाते. तसे झाले असेल तर भिंतीलगतची माती आणि फरशी काढून पातळी जोत्याच्या निदान 15 सेंमी खाली न्या. तरीही ओल चढत असेल तर विटांच्या आडव्या सांध्यात 12 मिमीची छिद्रे 10 ते 12 सेंमी अंतराने पाडून सिलेन क्रीम (पाणी वर चढू न देणारे रसायन) भरतात. ओलीच्या रेषेच्या वर मीटरभरापर्यंतचा जुना गिलावा खरवडून काढा. नवा गिलावा चुन्याचा घ्या, जिप्समचा किंवा पुट्टीचा नको, त्याचे पोपडे सुटतात. भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरा, म्हणजे नऊइंची भिंतीला नऊ महिने. ठेकेदाराला एवढे थांबणे परवडत नाही, पण तुम्हाला परवडेल.

खरी कमाई गच्चीवर आहे. ईसीबीसी 2017 (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) हा नियम 100 किलोवॉट किंवा अधिक जोडभार (सर्व उपकरणांची मिळून क्षमता), अथवा 120 केव्हीए किंवा अधिक करारभार (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आणला गेला. तुमचा आकडा वीजबिलावरच छापलेला असतो. त्याखाली असाल तरी माप म्हणून हा नियम उपयोगी. त्यानुसार सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या हवामानात बहुतेक व्यापारी इमारतींच्या छताचा यू-गुणांक (छतातून उष्णता किती सहज जाते याचे माप; कमी तितका चांगला) 0.33 पेक्षा जास्त नसावा. साध्या 125 मिमी स्लॅबचा तो तीनच्या आगेमागे असतो.

रचना अशी : आधी स्ट्रक्चरल ऑडिट. मग जुना कोबा काढा. 100 मिमी कोब्याचे वजन चौरस मीटरला 180 किलोच्या घरात असते, ते उतरले की स्लॅब मोकळा श्वास घेतो. स्लॅबच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग करा, पाणी 48 तास साठवून तपासा. त्यावर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या पाट्यांचे) 50 आणि 40 मिमी असे दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम कापड), 50 मिमी काँक्रीट आणि पांढरा चायना मोझॅक.

इथे एक चूक नेहमी होते. इन्सुलेशनमुळे वरचे काँक्रीट आपली उष्णता स्लॅबला देऊ शकत नाही, जास्त तापते आणि फुगून कठड्याला ढकलते. म्हणून 2 मीटरचे चौकोन पाडून सांधे सीलंटने भरा, कठड्यालगतही फट ठेवा. कोबा गेला तरी पातळी निदान 4 सेंमी वर येते, तेव्हा जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि पन्हळीची तोंडे आधी मोजा. उतार 100 ला 1. मोझॅक धुळीने मळला की परावर्तन घटते, म्हणून फेब्रुवारीत एकदा धुऊन घ्या.

तळ्याकडची बाजू पश्चिमेला असेल तर छज्ज्याचा भरवसा नको. सायंकाळचे ऊन तिरपे येते, शिवाय पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही येते. तिथे बाहेरून उभ्या फळ्या किंवा बांबूचे चिक बरे. जुन्या काचेला आतून गडद फिल्म चिकटवली तर काच तापून तडकू शकते.

एसीची क्षमता शेवटी ठरवा. आता मोजलेल्या उष्णतेवर घेतलेला एसी छत सुधारल्यावर मोठा पडतो.

प्रश्न : वरच्या मजल्याला डक्ट कूलर पुरेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मार्च ते मेमध्ये पुरेल, पावसाळ्यात नाही. कूलरला हवा बाहेर जायला खिडक्या उघड्या लागतात, एसीला बंद. दोन्ही एकदम चालवू नका. बोअरचे पाणी जड असल्याने पॅडवर पांढरा थर चढतो, म्हणून टाकीतले थोडे पाणी सतत बाहेर सोडणारा नळ ठेवा आणि पॅड हंगामाअखेर बदला.