२१ दिवसांच्या प्रमाणपत्रावर पार्लर उघडावे का?

बारावी झालेल्या आपल्या धाकट्या बहिणीने एक महिन्याचा ब्यूटी पार्लरचा कोर्स केला, तर ती स्वतःचे पार्लर चालवण्यास पात्र ठरेल का, त्या प्रमाणपत्राला मान्यता असते का आणि फी किती पडते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती पात्र ठरणार नाही. २०१२ साली मी स्वतः २१ दिवसांच्या अशाच प्रमाणपत्रावर कराडमध्ये घराच्या पुढच्या खोलीत पार्लर उघडले होते, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहिते आहे.

त्या कोर्समध्ये रोज तीन तास शिकवत. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, चार प्रकारचे फेशियल, हेअर कट, मेंदी आणि नववधूचा मेकअप एवढे सगळे ६३ तासांत उरकले. शेवटच्या दिवशी सोनेरी कडेचे प्रमाणपत्र मिळाले आणि ते मी फ्रेम करून आरशाच्या वर लावले. चौथ्या महिन्यात ओळखीतील एक मुलगी हळदीच्या दोन दिवस आधी आली. ‘अपर लिप’ला दोरा सहन होत नाही, वॅक्स करा, असे ती म्हणाली. बोलता बोलता तिने सांगितले की मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेले ॲडापॅलीनचे जेल ती रोज रात्री लावते. ते मी ऐकले, ‘बरं’ म्हटले आणि वॅक्स लावले. पट्टी ओढली तेव्हा केसांबरोबर वरची त्वचाही निघून आली आणि ओठाच्या वर बोटाच्या पेराएवढा लाल, चकचकीत, ओलसर डाग दिसू लागला. मी घाबरून त्यावर बर्फ आणि गुलाबपाणी लावले, त्यामुळे तिची आग आणखीच वाढली. तिच्या आईने भांडण केले असते तर मला ते सोपे गेले असते. त्या बाईंनी पर्समधून ठरलेले पैसे काढून टेबलावर ठेवले, मुलीचा हात धरला आणि त्या निघून गेल्या. तो डाग पुढे काळपट झाला आणि काही महिने राहिला. लग्नाच्या फोटोंमध्ये तो मेकअपखालूनही ओळखू येतो.

ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन ही मुरुमांवरची औषधे लावणाऱ्या त्वचेवर, ते किमान आठवडाभर थांबवल्याशिवाय वॅक्स करायचे नसते, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या संपल्यावरही सहा महिने थांबायचे असते, हे मला त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले, कोर्समधून नव्हे. पट्टी कोणत्या दिशेने ओढायची हे मला उत्तम शिकवले होते. ग्राहकाला काय विचारायचे आणि कोणते उत्तर आल्यावर काम नाकारायचे, हे कोणी शिकवलेच नव्हते. हेअर कलरचीही तीच गत आहे. त्यातील पॅराफेनिलिनडायमिन या रसायनाची ॲलर्जी अनेकदा दोन-तीन दिवसांनी दिसते, म्हणून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडासा रंग लावून पाहणे, ४८ तास आधी करायची असते. एका दुपारी हेअर कलर ‘शिकवून’ दुसऱ्या दिवशी केसांच्या केराटिन ट्रीटमेंटकडे वळणाऱ्या वर्गात विद्यार्थिनीला ॲलर्जीने सुजलेली पापणी दिसणार तरी कधी?

त्यानंतर वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. त्याला दहावी उत्तीर्ण असणे पुरते. सोळा-सतरा वर्षांच्या मुली मला ‘काकू’ म्हणत, तरी मी एकही दिवस चुकवला नाही. सिडेस्को या १९४६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ब्यूटी थेरपी डिप्लोमासाठी १,२०० तासांचे प्रशिक्षण लागते. माझे पहिले ६३ तास त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत.

आमच्या नणंदबाईंना मात्र हे पटत नाही. त्यांनी १५ दिवसांत शिकून पार्लर थाटले आणि “वहिनी, हातात कला असावी लागते, ती काय वर्षभर बाकावर बसून येते?” हे वाक्य त्या प्रत्येक सणाला सर्वांसमोर ऐकवतात. त्यांचा हात खरोखर हलका आहे आणि गिऱ्हाईकही माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी मान्य करते. परंतु त्या बिनलेबलच्या डबीतून जे ‘गोरेपणाचे’ क्रीम देत असत, त्याने चेहरा आठ दिवसांत उजळतो आणि ते सोडले की लाल होऊन जळजळतो, हे स्टेरॉइडचे लक्षण आहे. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हे मी दिवाळीत सांगितले, तेव्हा सासूबाईंनी मलाच गप्प केले. हात हलका असला म्हणून स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा ओळखता येत नाही, हे मला त्या दिवशी बोलायचे होते.

मान्यतेबद्दल सांगायचे तर आपल्याकडे पार्लर चालवण्यासाठी कौशल्याचा परवाना लागत नाही. शॉप ॲक्टची नोंद ही दुकानाची असते, हाताची नव्हे. त्यामुळे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द जाहिरातीत कोणीही छापतो.

हेही लिहायला हवे की केवळ थ्रेडिंग, मेंदी किंवा साडी नेसवणे शिकून चार पैसे मिळवायचे असतील, तर लहान कोर्स पुरेसा आहे आणि अनेक घरे त्यावर चालतात. वर्षभर शिकूनही निष्काळजी राहिलेल्या दोघी माझ्याच वर्गात होत्या. आपल्या बहिणीने महिन्याचा कोर्स करून एखाद्या जाणत्या बाईंच्या हाताखाली वर्षभर काम केले, तर माझा आक्षेप बराच कमी होईल.

फीचा आकडा मी देत नाही, कारण तो गावागणिक बदलतो. प्रवेश घेण्यापूर्वी बहिणीने संस्थेत एवढेच विचारावे की मुरुमांच्या गोळ्या चालू असलेली ग्राहक वॅक्सिंगला आली तर तुम्ही आम्हाला काय करायला शिकवाल. त्यावर समोरची व्यक्ती हप्त्यांची सवलत सांगू लागली, तर बहिणीने तिथून उठावे.